मेव्ह डिलेनचा नवरा

४ सप्टेंबर २०१६, रविवार

लोकेशने आयरिश कवयित्री मेव्ह डिलेनच्या चरित्राची पहिली दोन प्रकरणं वाचून दाखवली. त्याने वाचायचं, मी ऐकायचं, आणि जिथे आधार हवा तिथे थांबवायचं. ही पद्धत त्यानेच ठरवली. "तू ऑफिसात जे करतेस तेच इथे कर," म्हणाला. ऑफिसात मी रेल्वे सिग्नलचं सॉफ्टवेअर तपासते. गाडी थांबेल असं कुठे लिहिलं असेल, तर ती थांबते हे दाखवावं लागतं. नुसतं गृहीत धरून चालत नाही.

पहिल्याच पानावर तीनदा थांबवलं.

"जन्म १९३१. कशावरून?"

"चर्चच्या नोंदवहीवरून."

"वडील नावाडी?"

"तिनेच मुलाखतीत सांगितलंय."

"ती जन्मली तेव्हा पाऊस पडत होता. कशावरून?"

इथे थांबला. "निशी, आयर्लंड आहे ते. पाऊस असतोच."

"असतोच हा आधार नाही."

हसला. पाऊस काढून टाकला.

त्याला हसताना बघून फार महिने झाले होते. माझ्यामुळे हसला, म्हणून लिहून ठेवते.

६ सप्टेंबर

मला कविता कळत नाहीत. मेव्ह डिलेनचं आयुष्य मात्र नीट कळतं. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातलं खेडं. आई पाद्र्याच्या घरचे कपडे धुवायची. त्या घरात तिला मागच्या दारानेच जावं लागे. लोकेश तिच्यापर्यंत पोचला तो या एका वाक्यामुळे. अमरावतीला एम.ए. करत होता. ग्रंथालयात पुस्तक उघडलं आणि ते मागचं दार दिसलं. त्याची आजी त्यांच्या गावात अशीच कोणाच्या तरी मागच्या दारी उभी राहायची. "एवढ्या लांबची बाई, पण माझ्या घरातलं लिहीत होती," तो म्हणतो.

सोळाव्या वर्षी मेव्ह लिमरिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. ट्रंककॉलच्या चिठ्ठ्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. चिठ्ठी अरुंद, म्हणून ओळी आखूड. पुढे समीक्षकांनी या आखूड ओळींवर प्रबंध लिहिले. ती म्हणाली, कागद तेवढाच होता.

हे मला आवडलं. आधारही पक्का आहे, चिठ्ठ्या डब्लिनला जपून ठेवल्या आहेत.

११ सप्टेंबर, रविवार

तिसरं आणि चौथं प्रकरण. वर्षानुवर्षं मासिकांनी कविता परत पाठवल्या. एकाने तर "बाईंच्या हातून चुकून आमच्याकडे आल्या असाव्यात" असं कळवलं. मग लग्न. एमन क्वर्क, पाण्याचा अभियंता. पंप, बांध, कालवे. १९६४ साली त्याला हॉलंडमध्ये काम मिळालं आणि दोघं झूटरमेरला आली. ते तेव्हा नुसतं खेडं होतं.

ती सात वर्षं या देशात राहिली. मला युट्रेख्टची नोकरी मिळाली तेव्हा लोकेश म्हणाला होता, "व्हिसा तुझा, पण बोलावणं मेव्हचं." तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी सोडून तो माझ्याबरोबर आला. आता टिलबर्गच्या गोदामात बुटांची खोकी भरतो आणि उरलेल्या वेळात मराठीतलं तिचं पहिलं चरित्र लिहितो. नागपूरच्या प्रकाशकाला डिसेंबरात हवं आहे.

या पुस्तकाबद्दल बोलतो तेव्हाच तो माझ्याशी बोलतो. वर्षभर असंच आहे. म्हणून मी आधार विचारत राहते.

१८ सप्टेंबर

अमरावतीहून सासूबाईंचा फोन. "काहून वं निशी, आवाज असा कोरडा काहून येऊन राह्यला?"

म्हटलं, "हवा बदलतेय आई."

"हवेचं सांगू नको मले. लोक्या सांगे, तू एक डाव बी रडली नाही म्हणून. रडून घे माय. अडवून धरलेलं पाणी चांगलं नसते."

म्हणजे तो त्यांना सांगतो. मला नाही, त्यांना.

२२ सप्टेंबर

ऑफिसला गेले. दोन दोष सापडले, दोन्ही गंभीर.

आज वर्ष झालं.

२५ सप्टेंबर, रविवार

पाचवं प्रकरण. झूटरमेर.

लोकेश उभा राहून वाचत होता, खिडकीशी. हे प्रकरण चांगलं झालंय हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. मेव्हचा मुलगा फर्गल. चार वर्षांचा. मेंदूज्वर. १९६७.

"फर्गल गेला तो गुरुवार. सोमवारी एमन नेहमीच्या बसने कामावर गेला."

"आधार?"

"पंपिंग स्टेशनची हजेरी."

"बरं."

"दवाखान्यात तो पलंगाजवळ गेला नाही. मुलाला घेता का, असं नर्सने विचारलं तेव्हा त्याने फक्त मान हलवली."

"आधार?"

"पुढे ऐक ना."

"घरी आल्यावर त्याने फर्गलचे कपडे कपाटातून काढले. मापाप्रमाणे घड्या घातल्या, मोठे खाली, लहान वर. खोक्यात भरले. चिकटपट्टी सरळ लावली. आणि खोक्यावर सुबक अक्षरात माप लिहिलं, जणू ते कुठे पाठवायचं होतं."

तो वाचत राहिला. खूप सुंदर वाचत होता.

मोठे खाली, लहान वर. ते खोकं आमच्या जिन्याखाली आहे. त्यावरचं अक्षर माझं आहे.

प्रकरण संपल्यावर म्हटलं, "खोक्याच्या परिच्छेदाला आधार नाही."

"चरित्रकाराला थोडी मोकळीक असते."

"पाऊस काढला होतास."

"पाऊस वेगळा, निशी. हे चरित्र आहे. सर्किट नाही."

नर्सला मान हलवून नको म्हणाले तीही मीच. सोमवारी नाही, पण दुसऱ्या आठवड्यात कामावर गेले तीही मीच. एमन क्वर्क म्हणजे मी. तो मला खिडकीशी उभा राहून हे वाचून दाखवत होता. मला ओळखू येईल हे त्याला माहीत असणार. की येणार नाही असं वाटलं? यातलं कुठलं जास्त वाईट, ठरवता येत नाही.

२७ सप्टेंबर

हे कुठेच लिहिलेलं नाही. इथे लिहिते.

गरोदरपणाचा तेविसावा आठवडा होता. मुलगी. नर्सने विचारलं, घ्यायचंय का. मी नको म्हटलं. लोकेशने घेतलं. खिडकीशी बसून तिच्याशी मराठीत बोलत राहिला. काय बोलला ते मी ऐकत नव्हते, छताकडे बघत होते. मग तो अमरावतीला फोन करायला खाली गेला. वरच्या मजल्यावर रेंज नव्हती.

तो गेल्यावर मी बेल दाबली. नर्सने काही न विचारता तिला आणून माझ्या हातात दिलं. नखं होती. एवढी लहान, पण पूर्ण. कपाळ लोकेशचं. जिन्यात त्याची पावलं ऐकू येईपर्यंत मी तिला धरलं. मग परत दिलं.

त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो थोडा वेळही दोघांत वाटून घ्यावा लागला असता. माझ्याकडे तेवढंच होतं.

आणि डेन बॉश. युट्रेख्टहून येताना तिथे गाडी बदलावी लागते. टिलबर्गची गाडी येते, मी बाकावर बसून राहते. ती जाते. दुसरी येते, तीही जाते. मफलर तोंडापर्यंत ओढलेला असतो. इथे कोणी कोणाकडे बघत नाही, ही या देशाची सोय आहे. घरी पोचते तेव्हा चेहरा कोरडा असतो. मी रडताना लोकेशने वर्षभर मला सांभाळून घ्यावं असं वाटत नव्हतं. त्याचंच खूप होतं.

त्याला हा कोरडा चेहरा दिसला. बरोबरच आहे. मी तोच दाखवला.

१ ऑक्टोबर

भांडण. आवाज चढवून नाही. आम्हाला ते येत नाही.

म्हटलं, "एमनबद्दल तुझ्याकडे काय काय आहे? सगळं दाखव."

फार नाही. हजेरीपत्रक. लग्नाची नोंद. १९७१ मध्ये मेव्ह त्याला सोडून एकटी आयर्लंडला परतली. पुढच्याच वर्षी 'पाच मीटर खाली' आलं, फर्गलवरच्या तेवीस कविता. समुद्रसपाटीच्या पाच मीटर खाली राहणारी बाई, मूल गेलेली. या पुस्तकाने ती मेव्ह डिलेन झाली. पाठ्यपुस्तकांत गेली, शाळेतल्या मुलांना तिच्या ओळी पाठ असायच्या. लोकेशने एक ओळ मराठीत अशी केली आहे: "तुझी खोली कोरडी आहे. सगळं पाणी माझ्या बाजूला." तेवीस कवितांत नवरा एकदाच येतो, दाराशी काढून ठेवलेले बूट म्हणून.

पुढे चाळीस वर्षं प्रत्येक मुलाखतकाराने नवऱ्याबद्दल विचारलं. ती एक शब्द बोलली नाही. हॉलंडमधून मोठ्या सत्काराचं बोलावणं आलं तेव्हा तिने कळवलं, "त्या देशात माझं कोणी नाही." एमन तेव्हा झूटरमेरलाच होता. ८९ साली तिथेच वारला. २०११ मध्ये ती गेली, रस्त्यांवर माणसं उभी होती. मृत्युलेखांत एमनला एक ओळ मिळाली: त्यांचा विवाह एका अभियंत्याशी झाला होता.

"म्हणजे तो कसा होता हे तुला माहीत नाही," म्हटलं.

"बुटांवरून कळतं."

"शेजारीपाजारी कोणी?"

"शेजारीण होती एक. मार्चमध्ये जाऊन आलो ना मी, वृद्धाश्रमात. नव्वदीची आहे. काही आठवत नाही तिला. मला नातवाच्या नावाने हाक मारत होती." मग, "तुला त्या माणसाचा एवढा कळवळा का?"

तो उत्तरासाठी थांबला नाही. बूट घालून गोदामावर गेला.

८ ऑक्टोबर

जेवताना तो म्हणाला, नागपूरहून प्रकाशकांचा मेल आलाय, पाचवं प्रकरण वाचून ते हेलावले. "ते म्हणतात, पुस्तकाचं काळीज तिथे आहे."

"अभिनंदन," म्हटलं. खरंच म्हटलं.

"एवढंच?"

"छान झालंय प्रकरण. आधार नाही."

ताट उचलून गेला.

१५ ऑक्टोबर, कोजागिरी

पद्मजाकडे दूध. टिलबर्गची सगळी मराठी मंडळी. ढगांमुळे चंद्र नव्हता. तिचा नवरा जयेश मोबाईलवर चंद्राचा फोटो काढून सगळ्यांना दाखवत होता, "घ्या, दर्शन घ्या."

पद्मजाने लोकेशला वाचायला लावलं. त्याने पाचवं प्रकरण काढलं. मला वाटलं होतं दुसरं काढेल.

खोक्यापाशी आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे. वाचलं.

पद्मजा डोळे पुसत होती. "बाई गं. असं खोकं भरणारा माणूस! याच्याबरोबर ती सात वर्षं राहिली?" मग हसून, "असला नवरा असला तर बाई कविताच करणार, दुसरं काय करणार?"

जयेश म्हणाला, "इंजिनिअर होता हो तो, त्याला कशाला बोल लावता? आम्हाला चौथ्या वर्षापर्यंत भावनांचा विषयच नव्हता."

"तुमचा बॅकलॉग आहे अजून त्याच्यात," पद्मजा.

सगळे हसले. लोकेशही. मग पद्मजा माझ्याकडे वळली. "निशी, तू कशी गं एवढी शांत? मला तर हुंदका आवरेना."

"मी आधी ऐकलंय," म्हटलं, आणि तिला कागदी रुमाल दिला. माझ्या हातात पेला होता, तो सांडला नाही. हे मला जमतं.

परत येताना सायकली शेजारी-शेजारी होत्या. लोकेश म्हणाला, "लोकांना भिडलं."

म्हटलं, "हो. त्यांना तो माणूस आवडला नाही."

घराजवळ आल्यावर म्हणाला, "तुला काही म्हणायचं असेल तर म्हण, निशी. एकदा तरी म्हण."

सायकलला कुलूप लावायला वाकले. उठेपर्यंत तो आत गेला होता.

२२ ऑक्टोबर, शनिवार

लोकेशला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. झूटरमेरला गेले.

घराचा पत्ता त्याच्या पुस्तकात आहे, तेवढा आधार पक्का आहे. विटांचं साधं घर, बाकीच्यांसारखंच. मी शेजारची बेल वाजवली. साठीची बाई आली, हातात बागकामाचे मोजे. नाव मरैका. इथे तिची आई राहायची, ती आता वृद्धाश्रमात; घरात मरैका राहते.

म्हटलं, मी मेव्ह डिलेनची वाचक आहे. एवढंच म्हटलं. लोकेशचं नाव घेतलं नाही. नवऱ्याच्या मागे त्याचं काम तपासायला आले आहे, हे परक्या बाईला कसं सांगायचं?

"कवितावाले येतात," मरैका म्हणाली. "त्या घराचा फोटो काढतात आणि जातात. बेल कोणी वाजवत नाही."

"मला एमनबद्दल विचारायचंय."

"एमनबद्दल?" तिने मोजे काढले. "मग मागच्या दाराने या. तो तिथूनच यायचा."

माझं डच अर्धं, तिचं इंग्रजी अर्धं, पण सगळं कळलं. फर्गल गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सोमवारी एमन कामावर गेला, हे खरं. संध्याकाळी बसमधून उतरला आणि स्वतःच्या घरी न जाता यांच्या मागच्या दाराने आत आला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खुर्ची होती, तिच्यावर बसला. अंगातला कोट काढला नाही. मरैकाच्या आईने काही विचारलं नाही. इस्त्री करत होती, ती करत राहिली. मंगळवारी परत आला. मग रोज. दोन हिवाळे.

"रडायचा?" मी विचारलं.

"आवाज नसायचा. तरी आई रेडिओ मोठा करायची. आम्हाला सांगितलं होतं, बघायचं नाही, तो दमलेला माणूस आहे."

मग उठून मोरीत तोंड धुवायचा. वळसा घालून स्वतःच्या पुढच्या दारी जायचा आणि बेल वाजवायचा. खिशात किल्ली असून बेल वाजवायचा.

"का?"

मरैकाने खांदे उडवले. "आत ती असेल कशी तरी. तिला चेहरा पुसायला वेळ मिळावा म्हणून असेल."

मी खिडकीबाहेर बघितलं. मरैका उठून कॉफी करायला गेली. कॉफीला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ ती तिकडे होती.

मेव्हला हे कधीच कळलं नाही. एमनने मरैकाच्या आईकडून वचन घेतलं होतं, तिला सांगायचं नाही, तिच्यावर आधीच खूप आहे. "ती दोघं वारल्यावरही आई कोणाशी बोलली नाही," मरैका म्हणाली. "मी बोलले खरी, पण छापायचं असेल तर आईला विचारावं लागेल. वचन तिचं आहे. भेटायला जाईन तेव्हा विचारते, मग फोन करते."

नंबर दिला. जिला काही आठवत नाही तिची परवानगी कशी घेणार? पण मुलीचं मन मोडवेना.

डेन बॉशला आज बसले नाही. पहिली गाडी घेतली.

२६ ऑक्टोबर

अजून सांगितलं नाही. कसं सांगू? एमनची वकिली केली की ती माझीच होते. तो म्हणेल, तू स्वतःसाठी पुरावा शोधून आणलास. आणि ते खरं आहे.

पण पुरावा पुरावा असतो. कोणी आणला यावरून तो बदलत नाही.

३० ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं एक तास मागे. पद्मजाकडे दिवाळी, आम्ही गेलो नाही.

चहा घेताना सांगितलं. ऑफिसचं काम नव्हतं, झूटरमेरला गेले होते. मरैका. मागचं दार. कोट. इस्त्री. रेडिओ. किल्ली असून बेल. क्रमाने सांगितलं, जसं कळलं तसं. आवाज सरळ ठेवला होता. बेलपाशी येईपर्यंत राहिला सरळ.

लोकेश कप धरून बसला होता. चहा प्यायला नाही.

"मला माहीत नव्हतं गं," म्हणाला. "कोणालाच माहीत नव्हतं."

मग मी माझं सांगितलं. डेन बॉशचा बाक. मफलर. आणि तो फोन करायला खाली गेला होता तेव्हाचं. नखं. कपाळ. त्याची पावलं.

त्याने टेबलावर डोकं ठेवलं. तो नेहमी आवाज करून रडतो, आज आवाज नव्हता. मी उठून त्याच्या मानेवर हात ठेवला. वर्षात पहिल्यांदा मीही त्याच्यासमोर —

पुढे लिहीत नाही. झालं एवढं पुरे.

नंतर म्हणाला, "मी तुला असं लिहिलं."

"हो."

"तू थांबवलं का नाहीस?"

"थांबवलं होतं. आधार विचारला होता."

२ नोव्हेंबर

त्याने पाचवं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. प्रकाशकांना कळवलं, थांबा. सकाळी मला उठवायला चहा घेऊन आला. आलं जास्त झालं होतं. प्यायले.

सासूबाईंचा फोन. त्याने स्पीकरवर लावला. "आज दोघं बी हसून राह्यले, काय भानगड आहे?" "काही नाही आई, जय भीम." "जय भीम, जय भीम. सांगू नका, मले समजते."

ऑफिसातून येताना विचार केला, कोणाला तरी सांगावं. सांगण्यासारखं काय आहे, तेही कळेना. नवऱ्याने जास्त आल्याचा चहा केला.

५ नोव्हेंबर, शनिवार

नवं प्रकरण वाचून दाखवलं. या वेळी बसून, माझ्या शेजारी.

खोकं नाही. नर्स नाही. कोट आहे, बेल आहे. एमन मागच्या दाराने येतो, आणि तिथे लोकेशने मेव्हच्या आईचं मागचं दार आणून जोडलंय. मेव्हने आयुष्यभर एका मागच्या दाराबद्दल लिहिलं आणि दुसरं तिला दिसलंच नाही, असं वाक्य आहे. फार चांगलं वाक्य आहे. कविता न कळणाऱ्या माझ्यासारखीला कळलं.

एका ठिकाणी असं: "इस्त्री संपली की शेजारीण त्याच्यासमोर ताकाचा पेला ठेवी, आणि तो रिकामा झाल्याशिवाय त्याला उठू देत नसे."

ताकाचं मरैका बोलली नव्हती. मीही त्याला सांगितलेलं नाही.

"ताक?" म्हटलं.

"या देशात घरोघरी ताकच पितात, आणखी काय देणार?" म्हणाला. हसला.

मी सोडून दिलं. पहिल्यांदा सोडून दिलं. प्रत्येक वाक्याला आधार मागितला तर माणूस शेजारी बसायचा नाही. ताक असेलही. त्याने खांद्यावर हात टाकला होता.

७ नोव्हेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत मरैकाचा फोन. आई हो म्हणाली. खुशाल छापा.

"पण आई माझ्यावर चिडली," मरैका म्हणाली. "म्हणे, हे सगळं मी मार्चमध्येच सांगितलंय. एक तरुण भारतीय आला होता, पुस्तक लिहिणारा. दोन दुपारी बसला. खुर्ची, कोट, रेडिओ, सगळं सांगितलं त्याला. ताकाचंसुद्धा. ऐकताना फार रडला म्हणे, आईने स्वतःचा रुमाल दिला. तिचं सगळं शाबूत आहे हो अजून, पत्त्यांत मला हरवते."

मी ऐकत होते.

"तुमच्या ओळखीचा आहे का तो?"

नाही म्हटलं.